एकाच सभेत पार्किंगचे दर आणि ‘धोकादायक’ कुत्री: ठराव हातात घेऊन काय बघायचं

एका दुकानदाराचा प्रश्न असा आहे: आमच्या महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने मागच्या महिन्यात एकाच बैठकीत दोन विषय मंजूर केले. बाजारपेठेतल्या रस्त्यांवर पे अँड पार्क, तासाप्रमाणे शुल्क. आणि पिटबुल, रॉटवायलर अशा ‘धोकादायक’ जातींची कुत्री पाळायला बंदी. ज्यांच्याकडे आधीपासून आहेत त्यांनी नोंदणी करायची, बाहेर नेताना तोंडाला जाळी बांधायची, नाहीतर पाच हजार रुपये दंड. माझं त्याच रस्त्यावर दुकान आहे आणि घरी चार वर्षांचा रॉटवायलर आहे. हे निर्णय लागू झाले का? विरोध करायचा तर कुठे?

माझी सगळी नोकरी नगरसचिव कार्यालयात गेली. विषयपत्रिका काढणं, उपसूचना (मूळ प्रस्तावाला सुचवलेल्या दुरुस्त्या) लिहून घेणं, ठरावाचा मसुदा करणं, सभेचं इतिवृत्त (कामकाजाची नोंद) लावणं हेच काम. निवृत्तीनंतर नव्या नगरसेवकांना आणि तुमच्यासारख्यांना ठराव वाचून देतो. त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. तुमचं पार्किंग शुल्क, कागद नीट असतील तर, टिकेल. कुत्र्यांची बंदी टिकणं अवघड आहे. आणि पाच हजारांचा दंड नुसत्या ठरावावर उभा असेल, तर आज कुणालाही तो तुमच्याकडून वसूल करता येणार नाही. तिन्हींचं कारण एकच आहे: महापालिकेला सेवेचं शुल्क ठरावाने ठरवता येतं, दंड आणि बंदी ठरावाने होत नाही, त्याला कायद्याचा किंवा उपविधीचा, म्हणजे महापालिकेने कायद्याखाली रीतसर केलेल्या नियमाचा, आधार लागतो.

लोक नेमकं उलटं भांडतात. दर जास्त आहे, आमचं कुत्रं गरीब आहे, असं म्हणत आयुक्तांना निवेदन देतात, फोटो काढतात आणि घरी जातात. दर किती हा धोरणाचा प्रश्न आहे, त्यात न्यायालयही सहसा हात घालत नाही. हा अधिकार यांना आहे का, आणि असलाच तर ठरलेल्या रीतीने वापरला का, हे दोन प्रश्न मात्र टाळता येत नाहीत.

म्हणून पहिलं काम ठरावाची प्रमाणित प्रत मिळवणं. वर्तमानपत्रातली बातमी बऱ्याचदा प्रशासनाच्या प्रस्तावावर लिहिलेली असते आणि ठराव वेगळाच निघतो, कारण मधे उपसूचना आलेली असते. पुण्याचं उदाहरण घ्या. मार्च २०१८ मध्ये पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं. बाहेर गाजलं ते ‘शहरभर पैसे मोजावे लागणार’ असं. प्रत्यक्षात विरोधामुळे ते पाच रस्त्यांवर प्रायोगिक तत्त्वावर आणायचं ठरलं, आणि तेही पुढे वर्षानुवर्षे कागदावरच राहिलं. धोरण मंजूर होणं आणि तुमच्या दुकानापुढे पावती फाटणं यात एवढं अंतर असू शकतं.

प्रत मिळाली की वरून खाली वाचा. ठराव क्रमांक आणि तारीख. विषय मूळ विषयपत्रिकेवर होता की ऐनवेळी घेतला? सर्वसाधारण सभेची नोटीस साधारणपणे सात पूर्ण दिवस आधी निघते. लोकांच्या खिशाला हात घालणारा विषय ऐनवेळी घुसवला असेल तर ती ठरावाची दुबळी जागा आहे. सूचक-अनुमोदक कोण, मतदान झालं की ‘एकमताने’ म्हटलं आहे? शेवटी ‘इतिवृत्त कायम होण्याची वाट न पाहता अंमलबजावणी करावी’ असं वाक्य आहे का? ते नसेल तर इतिवृत्त कायम होईपर्यंत, म्हणजे पुढच्या सभेत ते मंजूर होईपर्यंत, थोडा वेळ तुमच्या हातात आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्या परिच्छेदात कोणत्या अधिनियमाचं कोणतं कलम लिहिलं आहे. कलम लिहिलेलंच नसेल तर तेच तुमच्या हरकतीचं पहिलं वाक्य.

एक पोटमुद्दा. मधली काही वर्षं बहुतेक महापालिकांत प्रशासक होते; जानेवारी २०२६ मध्ये २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या तेव्हा कुठे सभागृहं परत भरली. प्रशासकाच्या काळातले ठराव एकाच अधिकाऱ्याच्या सहीने झालेले आहेत. प्रस्ताव ठेवणारा तोच, मंजूर करणारा तोच. नव्या सभागृहात जे विषय झटपट मंजूर होत आहेत, त्यातले काही त्या काळात तयार झालेले जुने प्रस्तावच आहेत. तुमच्या विषयाचा मूळ प्रस्ताव कधीचा आहे, त्यातली वाहनांची आकडेवारी कोणत्या वर्षाची आहे, हे डॉकेट, म्हणजे प्रशासनाने सभेपुढे ठेवलेला लेखी प्रस्ताव, मागवून बघा.

आता पार्किंग. इथे दोन मालक आहेत हे आधी समजून घ्या. रस्ता महापालिकेचा, पण त्या रस्त्यावर गाडी कुठे उभी करायची आणि कुठे नाही हे ठरवायचा अधिकार मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ११७ खाली राज्य शासनाचा किंवा त्याने अधिकार दिलेल्या प्राधिकरणाचा. आपल्याकडे पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत वाहतूक शाखा ही अधिसूचना काढते. पी-१, पी-२ (सम-विषम तारखेचं पार्किंग), नो पार्किंगचे फलक त्यातूनच लागतात. कलमात स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करायला सांगितलं आहे, म्हणजे दोघांचा मेळ अपेक्षित आहे. महापालिकेने शुल्क ठरवलं पण त्या रस्त्याची पार्किंगची अधिसूचनाच नाही, असं होतं. किंवा अधिसूचना सम-विषम तारखेची आणि ठेकेदार दोन्ही बाजूंना रोज पावत्या फाडतोय, असंही होतं. तेव्हा वाहतूक शाखेकडे माहिती अधिकारात तुमच्या रस्त्याची अधिसूचना मागवा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की अर्धं काम झालं.

शुल्क आणि कर यांतला फरक तुमच्या वकिलाला माहीत असेलच. शिरूर मठाच्या १९५४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो मांडला: कर सगळ्यांसाठी, शुल्क मात्र दिलेल्या सेवेच्या बदल्यात. पुढच्या निकालांनी हे सैल केलं. रुपयाला रुपया असा हिशेब लागत नाही, ढोबळ मेळ असला तरी चालतो. म्हणून ‘एवढ्या पैशात आम्हाला काय मिळतं’ हा मुद्दा एकट्याने पुरत नाही. पण रस्त्यावर पट्टे नाहीत, दरफलक नाही, गाडीची जबाबदारी कुणाची ते लिहिलेलं नाही, आणि पैसे मात्र सुरू, अशी स्थिती असेल तर तो मुद्दा वजनदार होतो.

आता जरा कटू बोलतो. दुकानदार म्हणून तुम्ही या शुल्काला सरसकट विरोध करू नका. बाजाराच्या रस्त्यावर सकाळी दहाला ज्या गाड्या लागतात त्यातल्या बऱ्याच दुकानदारांच्या आणि कामगारांच्याच असतात, आणि त्या रात्री शटर ओढल्यावर निघतात. गिऱ्हाईक दोन चकरा मारतं आणि पुढच्या चौकात जातं. तासाचं शुल्क नीट लावलं तर जागा रिकामी होत राहते. २००६च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणातही पार्किंगचा दर व्यापलेल्या जमिनीची किंमत दाखवेल इतका असावा, असं म्हटलं आहे. म्हणजे शुल्काची कल्पना कुठल्या आयुक्ताच्या डोक्यातून अचानक निघालेली नाही.

गडबड होते ती ठेक्यात. बहुतेक ठिकाणी महापालिका निविदा काढते, ठेकेदार वर्षाला ठरावीक रक्कम भरतो आणि वसुली स्वतः ठेवतो. अशा ठेक्यात गाड्या लवकर हलाव्यात यात ठेकेदाराचा काही फायदा नाही. त्याला गाड्या जास्त हव्यात आणि मुक्काम लांब हवा. मग पट्ट्याबाहेर दुसरी रांग लागते, पदपथावर दुचाक्या चढतात, आणि तक्रार केली की ‘पावती घेतली आहे ना’ हे उत्तर मिळतं. धोरणाचा हेतू एक आणि ठेक्याची रचना त्याच्या उलट. तुमची हरकत इथे असू द्या. दर पहिल्या तासाला कमी आणि पुढे चढता हवा. पट्ट्यांची संख्या मोजून करारात लिहिलेली हवी. मुद्रित क्रमांकाची किंवा मशीनची पावती हवी. ठेक्याची मुदत दरफलकावरच छापलेली हवी. हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण मुदत संपल्यावरही तीच माणसं त्याच पिशव्या घेऊन पैसे गोळा करत राहतात, आणि महापालिकेच्या तिजोरीत त्यातलं काहीच येत नाही, हा प्रकार जुना आहे. फलकावर तारीख असली की कुणीही विचारू शकतो.

दंडाबद्दल मुंबईचं उदाहरण लक्षात ठेवा. ७ जुलै २०१९ पासून मुंबई महापालिकेने आपल्या २६ सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात बेकायदा गाडी लावल्यास, गाडी उचलून नेण्याच्या खर्चासह, दुचाकीला पाच हजारांपासून जड वाहनांना तेवीस हजारांच्या घरात रक्कम आकारायला सुरुवात केली. मोटार वाहन कायद्यातल्या दंडाशी याचा काही मेळ नव्हता, आणि हे पैसे कोणत्या अधिकारात, हा प्रश्न लगेच उच्च न्यायालयात गेला. मुंबईच्या हाती निदान स्वतःचा १८८८चा अधिनियम आणि मोठा विधी विभाग होता. तुमच्यासारख्या मध्यम महापालिकेने ठरावात ‘दंड आकारावा’ एवढंच लिहिलं असेल तर तो दंड नव्हेच. चुकीच्या जागी लावलेल्या गाडीवर कारवाई वाहतूक पोलीस करतील, ई-चलन त्यांचं. ठेकेदाराचा माणूस जॅमर लावून पाचशे मागत असेल तर द्यायचे नाहीत. पावती आणि अधिकारपत्र मागायचं, आणि नाही दाखवलं तर पोलिसांना फोन करायचा.

आता कुत्र्याकडे येऊ. इथे कायद्याची गुंतागुंत जास्त आहे आणि भावनाही.

महापालिकेचा कुत्र्यांशी संबंध नवा नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १२७ मध्ये बसवता येणाऱ्या करांत कुत्र्यांवरचा कर आजही आहे. मुंबईत श्वान परवाना १८८८च्या अधिनियमाखालीच दिला जातो. म्हणजे नोंदणी करा, रेबीजची लस टोचल्याचा दाखला आणा, परवान्याचं माफक शुल्क भरा, हे सांगायला महापालिकेला आधार आहे, आणि ते तुम्ही पाळायला हवं. रस्त्यावर घाण केली तर दंड, यालाही आधार असू शकतो. मुंबईत तो २००६च्या स्वच्छता उपविधींमध्ये आहे. फरक इथेच आहे. त्या उपविधीचा मसुदा प्रसिद्ध झाला, हरकती मागवल्या गेल्या, शासनाची मान्यता मिळाली. उपविधी मोडल्यास जास्तीत जास्त किती दंड, ती मर्यादाही अधिनियमच घालतो. तुमच्या ठरावातल्या पाच हजारांच्या मागे असा उपविधी आहे का, एवढंच विचारा. मला तरी शंका आहे.

जातीवर बंदी ही त्याहून वेगळी गोष्ट. ही लाट उत्तरेतून आली. जुलै २०२२ मध्ये लखनौत घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात एका वृद्ध महिलेचा जीव गेला, आणि काही महिन्यांत गाझियाबाद महापालिकेने पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो पाळायला बंदी केली. पुढे १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवलं: २३ जातींची आयात, पैदास, विक्री थांबवा, आणि आधीपासून पाळलेल्यांचं निर्बीजीकरण करा. महापालिकांचे ठराव बहुधा याच यादीवरून उतरवलेले असतात. तुमच्या ठरावाची यादी तपासा. त्यात टोसा इनू आणि जपानी टोसा असं दोनदा आलं असेल, किंवा ‘टेरियर’ आणि ‘मॅस्टिफ’ असे अख्खे गटच असतील, तर यादी न वाचता उतरवली आहे हे समजा. टेरियर म्हटलं की मांडीवर बसणारं यॉर्कशायर टेरियरही आलं.

त्या पत्राचं पुढे काय झालं हे ठराव लिहिणाऱ्यांना माहीत नसतं. कलकत्ता उच्च न्यायालयाने त्याला अंशतः स्थगिती दिली, आणि एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्दच केलं. कारण साधं होतं: ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना ऐकलं नाही, आणि शिफारस करणाऱ्या समितीत जी तज्ज्ञ मंडळी असायला हवी होती ती नव्हती. म्हणजे केंद्र सरकारचा कागद ज्या कारणावर पडला, त्याच कारणावर तुमच्या सभागृहाचा ठराव आणखी लवकर पडेल. हरकतीत हे लिहाच.

कायदा बाजूला ठेवला तरी ही बंदी चालवणार कोण, हा प्रश्न उरतो. जात ओळखायची कुणी? आपल्याकडे बहुतेक कुत्र्यांना वंशावळीचा कागद नसतो, संकर भरपूर असतात, आणि मध्यम महापालिकेत पशुवैद्यकीय अधिकारी एखादाच. ब्रिटनमध्ये १९९१ पासून काही ‘प्रकारां’वर बंदी आहे. तिथे पोलिसांचे खास प्रशिक्षित अधिकारी कुत्र्याचं मोजमाप घेतात, तरी वाद संपलेले नाहीत, आणि २०२३च्या अखेरीस एक्सएल बुली हा कुत्र्यांचा आणखी एक प्रकार यादीत टाकावा लागलाच. आपल्याकडे याचा परिणाम वेगळाच होतो. मालक घाबरतो आणि रात्री गाडीत घालून कुत्रं गावाबाहेर सोडून येतो. पाळलेलं, ताकदवान, उपाशी आणि गोंधळलेलं कुत्रं हे नोंदणी केलेल्या कुत्र्यापेक्षा केव्हाही जास्त धोक्याचं.

आणि एक बोलूनच टाकतो. नगरसेवकांच्या प्रभागातल्या तक्रारी काढून बघा, त्या रॉटवायलरच्या नसतात, चौकातल्या मोकाट कुत्र्यांच्या असतात. तिथे काय करायचं हे १० मार्च २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत लिहिलं आहे: पकडा, निर्बीजीकरण करा, लस द्या, जिथून आणलं तिथे सोडा. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ ला हेच तत्त्व कायम ठेवलं. रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री वगळली, खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा करायला सांगितल्या आणि विषय देशभर नेला. ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं इथून कुत्री हलवा आणि परत तिथे सोडू नका, असा आदेश दिला. या सगळ्याला पिंजरे, गाड्या, शस्त्रक्रियेची टेबलं, डॉक्टर आणि दरवर्षीची तरतूद लागते. जातीवर बंदीला एक पानाचा ठराव पुरतो. म्हणून तो आधी होतो.

‘धोकादायक कुत्रं’ असा नियम असूच नये, असं माझं मत नाही. तो वागण्यावर असावा. ज्या कुत्र्याने माणसाला विनाकारण चावल्याची नोंद आहे, ते मग कुठल्याही जातीचं असो, त्याच्या मालकाला ऐकून घ्यावं, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा अहवाल घ्यावा, आणि जाळी, दोरी, कुंपण अशा अटी लेखी घालाव्यात. कॅनडातल्या कॅलगरी शहराने बरीच वर्षं साधारण हाच रस्ता धरला, आणि परवान्याचं शुल्क प्राण्यांच्याच सेवेवर खर्च केलं. असा उपविधी तुमच्या महापालिकेनेही करावा, अशी मागणी हरकतीतच करा. नुसता विरोध करणाऱ्यापेक्षा पर्यायी मसुदा देणाऱ्याचं पत्र सभेपुढे जायची शक्यता जास्त असते, हे टेबलाच्या त्या बाजूला बसून बघितलेलं आहे.

तुमच्या रॉटवायलरबद्दल मात्र ढिलाई नको. ठराव पडला तरी भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहेच: प्राण्याच्या बाबतीत निष्काळजीपणा करून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापतीची शक्यता निर्माण केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे पाच हजार खरे आहेत, कारण ते संसदेच्या कायद्यात आहेत आणि न्यायालय लावतं. नुकसानभरपाईचा दावा वेगळा. कुत्र्याची नोंदणी, लशीचा दाखला, मजबूत दोरी, आणि शाळा सुटायच्या वेळी फिरवायला न नेणं, एवढं पाळा. सोसायटीत राहत असाल तर सोसायटीला पाळीव प्राण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, पण दोरी आणि स्वच्छतेच्या वाजवी अटी त्यांनी घातल्या तर भांडू नका.

दाद कुठे मागायची? दोन विषयांसाठी दोन वेगळी पत्रं करा, एकाच अर्जात दोन्ही कोंबू नका. तो कुठल्याच विभागात पूर्ण वाचला जात नाही. पार्किंगचं पत्र आयुक्तांना, प्रत वाहतूक शाखेला. कुत्र्याचं पत्र आयुक्तांना, प्रत नगरसचिवांना आणि आरोग्य किंवा पशुवैद्यकीय विभागाला. महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन ठेकेदाराच्या तक्रारीसाठी उपयोगी आहे, धोरण तिथे बदलत नाही.

ठराव अधिकाराबाहेरचा आहे असं दिसत असेल तर खरा रस्ता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ४५१. बेकायदा, अधिकाराबाहेरचा किंवा लोकांना त्रासदायक ठराव राज्य शासन निलंबित करू शकतं आणि महापालिकेला म्हणणं मांडायची संधी देऊन विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. साधारणपणे असा प्रस्ताव आयुक्तच शासनाकडे पाठवतात, पण नागरिकाने नगरविकास विभागाला लिहायला आडकाठी नाही. नगरपालिकेच्या गावात राहणाऱ्यांसाठी असाच अधिकार १९६५च्या नगरपरिषदांच्या अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे, आणि तिथे हालचाल लवकर होते. उच्च न्यायालय त्यानंतर. आधी ही पत्रं गेलेली असतील तर ‘दुसरा मार्ग का वापरला नाही’ या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर असेल.

पत्र एका पानाचं ठेवा. ठराव क्रमांक, तारीख, कोणत्या कलमाखाली हा अधिकार वापरला ते कळवावं ही विनंती, हरकतीचे दोन-तीन मुद्दे, पर्यायी सूचना. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्तर आलं नाही तर हा क्रमांक ४५१च्या अर्जाला जोडायला लागतो. आणि हे पुढच्या सभेची विषयपत्रिका निघायच्या आत करा, म्हणजे इतिवृत्त कायम करण्याचा विषय येईल तेव्हा तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाच्या हातात तुमचं पत्र असेल.